आरएक्स-७ ची हायब्रिड वारस खरंच येतेय का? काकांना काय सांगू?

तिलकनगरचा_पुतण्या

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे पण विचारतोय काकांसाठी, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे काका १९९४ ते २०१३ मस्कतला नोकरीला होते. २००६ मध्ये त्यांनी तिथे माझदाची आरएक्स-८ घेतली, लाल रंगाची. इंदूरला माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाची शाळेची बस आठवते, मलाही तेवढंच माहीत होतं. २००८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेलो, तेरा वर्षांचा होतो, आणि पहिल्यांदा त्या गाडीत बसलो. चार दारं, पण मागची दोन उलटी उघडणारी, जुन्या लाकडी कपाटासारखी, पुढचं उघडल्याशिवाय मागचं उघडतच नाही. शुक्रवारची सकाळ, रस्ता रिकामा, काकांनी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि काटा वर चढतच राहिला, सहा हजार, सात हजार, आठ हजार, आणि थरथर म्हणाल तर काहीच नाही, नुसती एक वाढत जाणारी गुणगुण, भोवरा ऐन भरात असताना कसा एका जागी उभा असल्यासारखा वाटतो तसं काहीतरी. मग बारीक बीप वाजला, म्हणजे आता गिअर बदल. मी म्हटलं काका परत करा, त्यांनी परत केलं, असं त्या दिवशी पाच-सहा वेळा झालं असेल.

अजून एक लक्षात राहिलंय. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरलं की काका बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढायचे, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचे, परत घालायचे, परत काढून उजेडात धरून बघायचे. या इंजिनात पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही जळतं, आतल्या सीलना वंगण मिळावं म्हणून मुद्दामच तसं केलेलं असतं, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. "हिची रोज विचारपूस करावी लागते रे," म्हणायचे.

२०१३ ला परत येताना गाडी आणणं शक्यच नव्हतं. तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आणू देत नाहीत. विकून आले. मॅन्युअल मात्र बॅगेत घालून आणलं, ते अजून त्यांच्या कपाटात आहे.

काका आता ६८ चे आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांपासून फोनवर सारखं काही ना काही येऊन राहिलंय, आरएक्स-७ (काकांच्या गाडीची थोरली बहीण) परत येणार, रोटरी (दोघींतलं ते गुणगुणणारं इंजिन) परत येणार, हायब्रिड असणार, आणि प्रत्येक वेळी त्यांचा मला फोन येतो, "अरे, खरंच येतेय का रे?" मी दर वेळी बघून सांगतो म्हणतो. आता नीट काहीतरी सांगायचंय. यातलं खरं किती? आणि माझा स्वतःचा प्रश्न असा आहे की रोटरी जर फक्त बॅटरी चार्ज करायला ठेवली आणि चाकं मोटारीनेच फिरवली, तर तिला आरएक्स-७ ची वारस म्हणायचं का? काकांना मी हो ती येतेय सांगितलं आणि आली ती वेगळीच गाडी, असं व्हायला नको.

—

मुसळ_आणि_जातं

पुतण्या, वाचून फार बरं वाटलं. मी मेकॅनिकल शिकवतो, वीस वर्षं झाली, आणि रोटरी शिकवायचा दिवस माझा वर्षातला आवडता दिवस असतो, त्यामुळे माझंही लांबणार आहे.

मुलांना मी सुरुवात आजीच्या स्वयंपाकघरापासून करून देतो. नेहमीचं पिस्टनचं इंजिन म्हणजे उखळ-मुसळ. मुसळ वर जातं, क्षणभर थांबतं, खाली येतं, परत थांबतं, दर वेळी दिशा बदलायची म्हणजे हिसका आलाच. रोटरी म्हणजे जातं. एकाच दिशेने फिरत राहायचं. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर, कमरेत थोड्या चेपलेल्या घरात फिरतो, आणि फिरता फिरता त्याची प्रत्येक बाजू हवा ओढते, दाबते, पेटवते, बाहेर टाकते. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. रोटर एकदा फिरला की शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणजे काकांचा काटा ९,००० वर असायचा तेव्हा आतला रोटर ३,००० नेच फिरत होता. थरथर का नव्हती याचं उत्तर यातच आहे.

मग असं इंजिन सगळ्यांनी का नाही वापरलं? त्रास त्या तीन टोकांना आहे. प्रत्येक टोकावर एक पट्टी असते, एपेक्स सील, तिने घराच्या भिंतीला सतत चिकटून राहायचं, कुकरच्या रिंगसारखं, फक्त ही रिंग मिनिटाला हजारो वेळा घासली जाते. जर्मनीत फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीने १९५७ मध्ये पहिलं इंजिन चालवून दाखवलं, माझदाने ते तंत्र घेतलं, आणि बघतात तर काही तास चालल्यावर घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडेच ओरखडे. जपानी इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांची टीम त्याच्यामागे लागली, शेवटी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील जमलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

दुसरं दुखणं ज्वलनाचं. पेटायची जागा लांबट आणि चपटी, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते, कडेचं पेट्रोल अर्धवट जळतं, अ‍ॅव्हरेज कमी आणि धूर जास्त. युरोपात उत्सर्जनाचे नियम कडक झाले तशी २०१० मध्ये तिथली आरएक्स-८ ची विक्री थांबली आणि २०१२ मध्ये गाडी बनायचीच बंद झाली. आरएक्स-७ त्याच्या दहा वर्षं आधी, २००२ मध्ये गेली.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. हायब्रिडमध्ये रोटरी का घालतात, तर जातं एका लयीत फिरलं की पीठ चांगलं पडतं. सारखं थांबा-पळा, मंद-जोरात केलं की रोटरी पेट्रोल उधळते, पण एका ठरावीक वेगाने जनरेटर म्हणून चालवलं की तिचे दोष बरेच झाकले जातात. वर आकार एवढासा. माझदाने २०२३ मध्ये एमएक्स-३० या गाडीत नेमकं हेच केलं, ८३० सीसीचा एकच रोटर, १७.८ किलोवॅट-अवरची बॅटरी, चाकं पूर्णपणे मोटारीवर. सीलची जाडी २ मिमीवरून अडीच केली, पेट्रोल थेट आत फवारायला लागले. अकरा वर्षांनी कारखान्यात परत रोटरी बनायला लागली, हीच माझ्यासाठी सगळ्यात मोठी बातमी आहे. अफवांच्या पलीकडची, हातात धरता येईल अशी गोष्ट.

वारस म्हणायचं का, तर माझं मत हो. शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, जे इंजिन आम्ही पुस्तकात इतिहास म्हणून शिकवायला लागलो होतो ते परत वर्तमानकाळात आलंय. ते चाकाला जोडलंय की बॅटरीला हे मला दुय्यम वाटतं.

माझ्याकडे विद्यार्थ्यांसोबत बनवलेलं प्लायवूडचं एक मॉडेल आहे, हाताने फिरवायचं. काकांना बघायचं असेल तर कधीही सांगा.

—

राजवाडा_ते_ले_मान्स

सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते, दुय्यम नाही हो. अजिबात नाही.

आरएक्स-७ म्हणजे काय होतं? १९७८ पासून २००२ पर्यंत तीन पिढ्या, आठ लाखांच्या वर गाड्या, आणि शेवटची एफडी, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे) एकामागून एक जागे होणारी, साधारण १,२५० ते १,३०० किलो वजनाची. ते इंजिन लहान आणि हलकं म्हणून पुढच्या चाकांच्या मागे, अगदी खाली बसवता आलं, म्हणून वजन दोन्हीकडे सारखं, म्हणून ती वळणावर तशी वळायची. म्हणजे गाडीचा सगळा स्वभाव इंजिनातून आलाय आणि ते इंजिन तुमच्या पायाला थेट उत्तर देतं. तेच काढून घेतलं तर उरलं काय, नाव आणि आकार.

मला हे वेड बाबांमुळे लागलं. १९९१ ला मी लहान होते, पण त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण जपून ठेवलं होतं, नारिंगी-हिरवी ५५ नंबरची ७८७बी, चार रोटरचं इंजिन, ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली पहिली जपानी गाडी. शेवटच्या टप्प्यात जॉनी हर्बर्ट इतका थकला की गाडीतून उतरल्यावर कोसळलाच, बक्षीस घ्यायला वर चढता आलं नाही त्याला. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि रोटरीला तिथे जागाच राहिली नाही. चोवीस तास जे इंजिन चाकं फिरवत होतं त्याला आता कोपऱ्यात बसवून चार्जर करायचं, हे मला मनापासून खटकतं.

आणि इंदूरच्या माणसांनी तरी असं म्हणू नये असं वाटतं. यशवंतराव होळकरांची अमेरिकन ड्यूझनबर्ग गाडी आठवा, एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी केलेली, होळकरांच्या नारिंगी आणि काळ्या रंगात. माणिकबागेसारखा आधुनिक राजवाडा बांधून घेणाऱ्या माणसाने गाडी निवडली ती सुपरचार्जर लावलेली, आणि स्वतः चालवायला. इंजिन काय करतंय हे हाताला कळलं पाहिजे, ही आवड आपल्या गावात जुनी आहे.

—

भंवरकुआं_८८

भिया लोक एवढं लिहून राहिले पण मूळ प्रश्न येणार का हा होता ना. मला नाही वाटत. २०१५ ला टोकियोत आरएक्स-व्हिजन दाखवली होती, काय सुंदर गाडी होती, लांब नाक, रोटरी येणार म्हणाले, सगळे नाचले, दहा वर्षं झाली. २०२३ ला आयकॉनिक एसपी, परत नाचले. २०२५ ला व्हिजन एक्स-कूपे. साखरपुडा झाला म्हणजे लग्न झालं असं नसतं. काकांना सांगा आशा ठेवा पण पत्रिका छापू नका.

—

पीथमपूर_पहिली_पाळी

मी पीथमपूरला गाड्यांच्या टेस्टिंगच्या कामात आहे, त्यामुळे हे जरा आमच्या बाजूने सांगतो. इथल्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ ला सुरू झाला तेव्हापासून तिथे आमचं येणं-जाणं असतं. एखादी गाडी खरंच येणार आहे हे आम्हाला कळतं ते चित्रांवरून नाही. आधी जुन्याच कुठल्यातरी गाडीच्या बॉडीत नवं इंजिन घालून फिरवतात, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल ही नेहमीचीच गाडी आहे पण चाकं थोडी बाहेर आलेली असतात, बॉनेट उंचावलेलं असतं, खिडकीतून वायरींचा गुंता दिसतो, मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन कोणीतरी बसलेलं असतं. पुढे सुट्या भागांच्या पुरवठादारांकडे साच्यांच्या ऑर्डरी जातात. मग उत्सर्जनाच्या टेस्ट, मग टक्कर. साचे कापायला घेतले की कंपनीचा पैसा अडकला, त्यानंतर सहसा मागे फिरत नाहीत. त्याच्या आधीचं सगळं म्हणजे इच्छा.

म्हणून अफवा वाचताना मी एवढंच बघतो की पैसे आणि माणसं कुठे लागलीत. या बाबतीत माणसं लागलीत. २०२४ च्या जानेवारीत टोकियो ऑटो सलोनमध्ये माझदाच्या प्रमुखांनी, मोरो यांनी, स्वतः सांगितलं की रोटरी इंजिनाचा डेव्हलपमेंट ग्रुप फेब्रुवारीपासून परत उभा करतोय. त्याच वर्षी मे महिन्यात टोयोटा आणि सुबारूसोबत एका मंचावर येऊन एक रोटर आणि दोन रोटर अशी दोन्ही इंजिनं मांडली. कॉन्सेप्टची बॉडी मातीची-फायबरची असू शकते पण माणसांचा ग्रुप बनवला की दर महिन्याचा पगार असतो, तो खोटा नसतो.

विरुद्ध बाजूही सांगतो. माझदा छोटी कंपनी, वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या, टोयोटा एक कोटीच्या आसपास. छोट्या कंपनीला एका स्पोर्ट्सकारसाठी वेगळं इंजिन परवडत नाही, ते इंजिन दुसऱ्या चार गाड्यांत खपलं पाहिजे. हायब्रिडचा मुद्दा इथे येतो आणि ताईंना तो आवडणार नाही पण ऐका. जनरेटर म्हणून बनवलेली रोटरी एसयूव्हीतही बसेल, घरगुती गाडीतही बसेल, तिचा खर्च सगळीकडे वाटला जाईल आणि त्या खर्चातून स्पोर्ट्सकार निघेल. नुसती चाकं फिरवणारी रोटरी मागाल तर ती एकट्या गाडीच्या खांद्यावर येईल आणि मग खरंच येणार नाही. माझ्या मते हायब्रिड ही तडजोड नाहीये, त्याच एका दाराने ती आत येऊ शकते.

आणि हो, आजकाल कॉम्प्युटरने बनवलेले फोटो इतके सुटलेत की काकांना सांगा, ज्या फोटोत गाडी ओल्या रस्त्यावर संध्याकाळच्या उजेडात एकटी उभी आहे तो उघडूच नका.

—

राजवाडा_ते_ले_मान्स

पीथमपूर, तुमचा खर्चाचा मुद्दा मान्य. आधी नव्हता पटला, आता पटतोय. पण मग एक्स-कूपे बघा ना. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दाखवली ती, दोन रोटर आणि टर्बो, प्लग-इन हायब्रिड (बॅटरी बाहेरून चार्ज करता येणारी), ५१० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), नुसत्या बॅटरीवर १६० किलोमीटर. आयकॉनिक एसपी होती ३७० पीएस आणि १,४५० किलो, लहानशी, ४.१८ मीटरची. म्हणजे दोन वर्षांत गाडी फुगली पण टर्बो परत आला. नुसता चार्जर बनवायचा असता तर टर्बो लावायची एवढी हौस कशाला केली असती? मला तिथे थोडी आशा वाटते. फक्त चार दारं आणि पाच मीटरच्या वर लांबी, तिला आरएक्स-७ म्हणणं मला जमणार नाही.

—

भंवरकुआं_८८

ताई, आरएक्स-८ पण चार दारांचीच होती ना, काकांची.

—

राजवाडा_ते_ले_मान्स

हो, बरोबर. ते विसरलेच होते मी. मागे घेते.

—

विजयनगर_हायब्रिडवाला

मी यातला तज्ज्ञ नाही पण तीन वर्षं स्ट्राँग हायब्रिड सेडान चालवतोय, त्यात शहरात बहुतेक वेळ इंजिन जनरेटरचं काम करतं आणि चाकं मोटार फिरवते, म्हणजे तुमच्या वादातलाच प्रकार. अनुभव सांगतो. विजयनगर ते राजवाडा गर्दीत याच्यासारखं सुख नाही. पाय उचलला की गाडी स्वतः आवरते, सिग्नलला शांतता. घाटात मात्र इंजिन स्वतःच्या हिशोबाने बोलतं, तुम्ही पाय दाबला म्हणून नाही तर बॅटरीला गरज आहे म्हणून. पहिले दोन महिने विचित्र वाटलं, नंतर कान सरावले.

होंडाने हे ओळखलंय असं दिसतं. त्यांची प्रील्यूड २००१ मध्ये बंद पडली होती, ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये परत आली, हायब्रिडच. २०२३ च्या ज्या शोमध्ये आयकॉनिक एसपी होती त्याच शोमध्ये प्रील्यूडचा कॉन्सेप्ट होता, तेव्हाही लोक म्हणत होते येणार नाही, दोन वर्षांत शोरूममध्ये उभी. (भंवरकुआं, सगळे साखरपुडे मोडत नाहीत.) तिच्यात गिअरबॉक्स नाही पण एस प्लस शिफ्ट म्हणून सोय दिलीय, आठ गिअर असल्यासारखे टप्पे येतात, इंजिनाचा आवाज त्या टप्प्यांबरोबर चढतो-उतरतो. कोणी याला नाटक म्हणेल, मला त्यात चालवणाऱ्याच्या कानांचा मान ठेवलेला दिसतो.

पुतण्या, एक सुचवू का? एवढं वाचून काकांना काही कळणार नाही. रविवारी सकाळी त्यांना घेऊन या, आपण खंडवा रोडने भेरूघाट चढू-उतरू, गाडी त्यांच्याच हातात देतो. जनरेटरवाली गाडी म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच कळेल.

—

ड्युटीचा_हिशोब

कोणी विचारलं नाही तरी सांगून ठेवतो. भारतात माझदाच्या गाड्या विकल्या जात नाहीत. उद्या आणायच्या ठरवल्या तर कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या इथे परत सगळ्या टेस्ट न करता आणायची मुभा आहे, आणि जपानची स्टिअरिंग उजवीकडेच, तेवढं सोपं. पण ४०,००० डॉलरच्या वरची पूर्ण तयार गाडी म्हणजे ७० टक्के बेसिक ड्युटी आणि ४० टक्के सेस, वर जीएसटी. शंभरची वस्तू जवळजवळ तीनशेला पडते. काकांना हेही सांगा, नंतर वाईट वाटायला नको.

—

तिलकनगरचा_पुतण्या

आठवडाभर लिहू शकलो नाही, माफ करा. सगळं वाचून दाखवलं काकांना, ड्युटीचंही. जात्याचं त्यांना इतकं आवडलं की काकूंना दोनदा सांगितलं. आणि रविवारी विजयनगरवाल्या दादांसोबत भेरूघाटला जाऊन आलो.

सकाळी साडेसहाला तीन इमली चौकात भेटलो. काका गाडीत बसायच्या आधी म्हणाले बॉनेट उघडा. दादांना वाटलं इंजिन बघायचंय. काकांनी ऑइलची पट्टी काढली, खिशातल्या रुमालाने पुसली, परत घातली, परत काढून उजेडात धरली, मान हलवली आणि मग बसले. मी बाजूला उभा होतो, मला एकदम मस्कतचा तो पंप आठवला. तेव्हा ते अठ्ठेचाळीसच्या पुढचे असतील, आता हात थोडा थरथरतो पण पट्टी धरायची पद्धत तीच, दोन बोटांत, आडवी.

तेजाजी नगरच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसे खुलले. गाडी एकदम गुळगुळीत आहे म्हणाले, चढ लागेपर्यंत तर खूशच होते. सिमरोल सोडून घाट उतरलो, खालून गाडी वळवली आणि चढायला लागलो, तर पुढे एक भरलेला ट्रक, काकांनी ओव्हरटेक करायला पाय दाबला, गाडी जोरात पुढे गेली, काही कमी पडलं नाही, पण इंजिनाने एक सूर धरला आणि तो तसाच. वेग वाढतोय, सूर तिथेच. काकांचा डावा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे गेला, तिथे बदलायला काहीच नव्हतं, मग परत स्टिअरिंगवर आला. असं वर पोचेपर्यंत तीनदा झालं. मी मोजलं.

वर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, काका, मग अशी आरएक्स-७ आली तर? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताकद कुठून येते त्याचं मला काही नाही. बॅटरीतून येऊ दे. पण मी पाय हलवला की तिने ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे. ती माझी विचारपूस करत नसेल तर मी तिची कशी करू?" नंतर प्रील्यूडच्या त्या आठ टप्प्यांबद्दल दादांना खोदून खोदून विचारत होते, आवाज स्पीकरमधून येतो की इंजिनातून, टप्पा बदलताना झटका लागतो का, सगळं. ताईंचा टर्बोचा मुद्दाही त्यांना पटलाय. म्हणाले चार दारं असली तर उलट बरं, काकूला मागे पिशव्या ठेवता येतात.

त्याआधी घाट उतरताना पाय उचलला की बॅटरी भरते हे पडद्यावर बघून मात्र लहान मुलासारखे झाले होते, मुद्दाम ब्रेक न लावता नुसत्या पायाच्या अंदाजाने वळणं घेत गेले, दादाही म्हणाले तीन वर्षांत मी इतकी छान उतरवली नाही.

येणार की नाही ते पीथमपूरच्या दादांच्या शब्दांत सांगितलंय, माणसं कामाला लागलीत, साचे अजून कापलेले ऐकले नाहीत. यावर ते म्हणाले ठीक आहे, मग मी थांबतो.

सर, ते प्लायवूडचं मॉडेल बघायला येत्या रविवारी येऊ का? काकांनी कपाटातून मॅन्युअल काढून ठेवलंय तुम्हाला दाखवायला, आणि किती वाजता निघायचं ते कालपासून विचारून राहिलेत.

—

मुसळ_आणि_जातं

दहाला या. रोटर फिरवायचा मान काकांचा.